इन्ट्रुडर अलार्म म्हणजे काय? घर, दुकान आणि ऑफिसमध्ये चोर ओळखणारी यंत्रणा कशी काम करते – संपूर्ण माहिती मराठीत



दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की पेपरात एक बातमी ठरलेली असते. कुटुंब गावाला गेलं, चोरट्यांनी कडीकोयंडा तोडला आणि कपाट रिकामं केलं. बातमी वाचून आपण हळहळतो, मग ऑनलाइन जाऊन "सिक्युरिटी अलार्म" शोधतो, दोन-तीन हजारांचा एखादा किट मागवतो आणि निश्चिंत होतो.

मीही तेच केलं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या मामांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथे मी स्वतः अलार्म बसवून दिला होता. शटरला एक सेन्सर, आत एक मोशन सेन्सर, बाहेर सायरन आणि सिमकार्डवाला पॅनल. दोन वर्षांनी एका पावसाळी रात्री चोर मागचे पत्रे उचकटून आत शिरले आणि सव्वा लाखाची तांब्याची तार, मोटारी घेऊन गेले. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, त्या रात्री अलार्म वाजला होता! सेन्सरने चोर ओळखला, सायरन तीन मिनिटं बोंबलला आणि आपोआप बंद झाला. पण मामांना फोन गेला नाही, कारण पॅनलमधल्या सिमची व्हॅलिडिटी अकरा दिवसांपूर्वी संपली होती. आणि शेजारी उठले नाहीत, कारण त्या महिन्यात सायरन आधीच चार वेळा उगाचच वाजला होता.

मामा एवढंच म्हणाले, "अलार्म ओरडत होता रे, ऐकायलाच कोणी नव्हतं."

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. या लेखात तोच तुम्हाला सांगतो: ही यंत्रणा आतून कशी चालते, कुठे फसते आणि घेताना व बसवताना काय बघायचं.

इन्ट्रुडर डिटेक्शन सिस्टीम म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर परवानगीशिवाय कोणी आत येत असेल तर ते ओळखून लगेच निरोप देणारी यंत्रणा. हिलाच बर्गलर अलार्म, चोरघंटा किंवा घुसखोरी शोधक यंत्रणा असंही म्हणतात.

बरेच जण म्हणतात, "आमच्याकडे सीसीटीव्ही आहे की!" पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साधा सीसीटीव्ही जे घडतं ते रेकॉर्ड करतो, म्हणजे तो साक्षीदार आहे. अलार्म हा राखणदार आहे, तो घडत असतानाच ओरडतो. हल्लीच्या कॅमेऱ्यांमध्ये मोशन अलर्ट येतो, त्यामुळे सीमारेषा थोडी पुसट झाली आहे. तरी कामं दोन आहेत हे लक्षात ठेवा.

कोणतीही यंत्रणा घ्या, तिची तीन कामं असतात:

१. ओळखणं – सेन्सर हे काम करतो.
२. निरोप पोचवणं – सायरन, फोन कॉल, मेसेज किंवा ॲप.
३. कोणीतरी धावून येणं – हे काम माणसांचं आहे.

तिन्हीपैकी एक जरी तुटलं तरी उरलेल्या दोनांचा उपयोग नाही. मामांच्या दुकानात पहिलं काम चोख झालं, दुसरं आणि तिसरं बोंबललं.

थोडा इतिहास

विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट १८५३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोप यांना मिळालं. दार किंवा खिडकी उघडली की सर्किट पूर्ण व्हायचं, विद्युतचुंबक काम करायचा आणि हातोडी घंटेवर आपटायची. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेतले आणि त्याचा धंदा उभा केला. पुढे ग्राहकांच्या घरातून आणि दुकानातून तारा एका मध्यवर्ती ठिकाणी नेऊन तिथे माणूस बसवायची पद्धत आली. आज ज्याला सेंट्रल मॉनिटरिंग म्हणतात त्याचं मूळ हे.

दुसरं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे: मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या या नर्स. कामाच्या वेळा विचित्र, रात्री-अपरात्री घरी एकटं राहावं लागायचं. त्यांनी आणि त्यांचे इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ पती अल्बर्ट ब्राऊन यांनी १९६६ मध्ये एका यंत्रणेसाठी पेटंट अर्ज केला. दाराला कॅमेरा, आत टीव्हीवर चित्र, बोलायला माइक, दूरून दार उघडायची सोय आणि मदतीसाठी बटण. १९६९ मध्ये पेटंट मिळालं. आज आपण जी व्हिडिओ डोअरबेल घेतो तिची ही आजीच म्हणा ना.

सेन्सरचे प्रकार आणि ते कसे काम करतात?

हा भाग नीट वाचा, कारण चुकीच्या जागी चुकीचा सेन्सर बसवणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे.

*१) मॅग्नेटिक डोअर सेन्सर*

दोन तुकडे असतात. एकात चुंबक, दुसऱ्यात रीड स्विच. रीड स्विच म्हणजे काचेच्या छोट्या नळीत बंद केलेल्या दोन पातळ धातूच्या पट्ट्या. चुंबक जवळ असला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, लांब गेला की सुटतात. चुंबक दारावर आणि स्विच चौकटीवर लावायचा, म्हणजे दार उघडलं की पॅनलला कळतं.

साधारण घरगुती सेन्सरला दोन तुकड्यांमध्ये दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत अंतर चालतं. पण लोखंडी दारावर तोच सेन्सर लावला तर लोखंड चुंबकाचं क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं आणि हे अंतर बरंच कमी होतं. म्हणून दुकानाच्या शटरला घरगुती प्लास्टिकचा सेन्सर लावू नका. शटरसाठी धातूच्या कवचातला, जास्त अंतर चालणारा वेगळा शटर सेन्सर मिळतो. त्याची वायरही लोखंडी नळीतून येते, त्यामुळे उंदीर कुरतडत नाहीत.

*२) पीआयआर मोशन सेन्सर*

खोलीच्या कोपऱ्यात, पांढऱ्या फुगीर प्लास्टिकमागे बसलेला हा सेन्सर तुम्ही पाहिलाच असेल. पीआयआर म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड. "पॅसिव्ह" यासाठी की तो स्वतः काहीच सोडत नाही, फक्त बघतो. आपल्या अंगातून सतत उष्णतेचे अदृश्य किरण बाहेर पडतात, साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे. सेन्सरमध्ये शेजारी-शेजारी दोन संवेदनशील भाग असतात आणि त्यांची जोडणी एकमेकांच्या विरुद्ध असते. संपूर्ण खोली हळूहळू तापली तर दोन्ही भागांवर सारखाच परिणाम होतो आणि तो कटाप होतो. पण माणूस समोरून गेला की आधी एका भागावर, मग दुसऱ्या भागावर उष्णता पडते. हा फरक म्हणजेच हालचाल. पुढचं फुगीर प्लास्टिक म्हणजे फ्रेनेल लेन्स. ती खोलीचे अनेक फाकटे करून सेन्सरवर आणते.

यातून चार व्यावहारिक गोष्टी निघतात:

– आडवं चालणारा माणूस पटकन पकडला जातो, सरळ सेन्सरच्या दिशेने येणारा उशिरा. म्हणून दारासमोर न लावता, येणारा माणूस आडवा जाईल अशा कोपऱ्यात लावा.
– साधी काच हे किरण अडवते. त्यामुळे खिडकीच्या काचेतून बाहेरचा माणूस पीआयआरला दिसत नाही. खिडकीत ठेवून अंगणावर नजर ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या.
– मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोचतं. माणूस आणि पार्श्वभूमी सारखीच गरम झाली की सेन्सरची नजर मंदावते. चांगल्या सेन्सरमध्ये टेम्परेचर कॉम्पेन्सेशन असतं, ते बघून घ्या.
– घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर पेट इम्यून प्रकार घ्या. त्यावर किती किलोपर्यंतचा प्राणी चालेल ते लिहिलेलं असतं. पण मांजर कपाटावर चढून सेन्सरच्या तोंडासमोर बसलं तर कोणताच सेन्सर माफ करत नाही.

घरगुती पीआयआरचा पल्ला साधारण १० ते १२ मीटर असतो.

*३) मायक्रोवेव्ह आणि ड्युअल सेन्सर*

हा सेन्सर स्वतः रेडिओ लहरी सोडतो, बहुधा १० किंवा २४ गिगाहर्ट्झच्या आसपास. समोरची वस्तू हलत असेल तर परत आलेल्या लहरींची वारंवारता थोडी बदलते. रेल्वेचा हॉर्न जवळ येताना आणि लांब जाताना वेगळा ऐकू येतो ना, तोच डॉप्लर परिणाम. याला उन्हाळ्याचा फरक पडत नाही. पण लहरी काच, प्लायवूड, पातळ भिंत पार करतात, त्यामुळे बाहेरच्या रस्त्यावरची माणसंही "चोर" ठरू शकतात.

म्हणून दोन्ही एकत्र करून ड्युअल सेन्सर बनवतात. पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोघांनी "हो" म्हटलं तरच अलार्म. दुकान, गोडाऊन, पत्र्याची शेड इथे थोडे पैसे जास्त जाऊ देत, पण ड्युअलच घ्या.

*४) ग्लास ब्रेक सेन्सर*

काच फुटताना आधी ती वाकते आणि एक खोल "ढप्" आवाज होतो, मग लगेच तुकड्यांचा उंच खणखणाट. हा सेन्सर दोन्ही आवाज योग्य क्रमाने आले का ते ऐकतो. म्हणून स्वयंपाकघरात ताट पडलं तरी चांगला सेन्सर सहसा फसत नाही. शोरूमच्या काचेसाठी उपयोगी.

*५) व्हायब्रेशन आणि सिस्मिक सेन्सर*

भिंत, तिजोरी किंवा स्ट्राँगरूमवर बसवतात. ड्रिल, हातोडा, गॅसकटर यांची कंपनं ओळखतात. याची गरज का आहे ते नवी मुंबईतल्या एका घटनेवरून कळतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये जुईनगरला चोरांनी बँकेजवळचा गाळा भाड्याने घेतला, तिथून भुयार खोदलं आणि थेट लॉकर रूममध्ये निघाले. सुमारे ३० लॉकर फोडले. अशा वेळी दाराला कितीही भारी सेन्सर लावा, चोर दारातून येतच नाही! जमिनीची आणि भिंतीची कंपनं ऐकणारा सेन्सर हाच इथे कामाचा.

*६) बाहेरच्या कुंपणासाठी*

बंगला, फार्महाऊस, कारखाना असेल तर बीम सेन्सर लावतात. एका खांबावरून अदृश्य इन्फ्रारेड किरण सुटतो, दुसऱ्या खांबावर पकडला जातो. मध्ये कोणी आलं की किरण तुटतो. पक्षी किंवा पानामुळे उगाच वाजू नये म्हणून दोन किंवा चार किरण एकदम तुटले तरच अलार्म धरतात.

इलेक्ट्रिक फेन्सबद्दल एक गंभीर सूचना. त्यासाठी एनर्जायझर नावाचं यंत्र असतं, ते साधारण सेकंदाला एक असा अत्यंत कमी वेळाचा झटका देतं. झटका जोरात बसतो, पण जीव जाऊ नये अशी त्याची रचना असते. घरातली २३० व्होल्टची लाइन थेट तारेला जोडणं म्हणजे सापळा लावणं. त्यात माणसं, मुलं, गुरं मरतात आणि तो गुन्हा आहे. कोणी कितीही सांगितलं तरी करू नका.

पॅनल: यंत्रणेचा मेंदू

सगळे सेन्सर पॅनलला जोडलेले असतात. पॅनलमध्ये हे शब्द भेटतील:

– झोन: प्रत्येक दार, खोली किंवा भागाला दिलेला नंबर. "झोन ३" वाजला म्हणजे मागची खोली, हे लगेच कळतं.
– आर्म आणि डिसआर्म: यंत्रणा चालू आणि बंद करणं.
– होम मोड: रात्री आपण आत झोपलेलो असताना फक्त दारं-खिडक्या चालू, आतले मोशन सेन्सर बंद.
– एन्ट्री डिले आणि एक्झिट डिले: आपण आत येऊन कोड टाकेपर्यंत किंवा बाहेर पडेपर्यंत मिळणारे काही सेकंद.
– चोवीस तास झोन: पॅनिक बटण आणि टॅम्पर. यंत्रणा बंद असली तरी हे जागे असतात. सेन्सरचं झाकण कोणी उघडलं तर टॅम्पर स्विच वाजतो.
– ड्युरेस कोड: कोणी धमकावून अलार्म बंद करायला लावलं तर हा वेगळा कोड टाकायचा. अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो, पण गुपचूप मदतीचा निरोप जातो.

आता एक थोडी टेक्निकल पण फार महत्त्वाची गोष्ट. वायर्ड सेन्सरच्या सर्किटमध्ये वायर कापली की पॅनलला कळतं. पण दोन वायरी सोलून एकमेकींना जोडल्या तर? मग दार उघडलं तरी पॅनलला सर्किट पूर्णच दिसतं. यावर उपाय म्हणजे एंड ऑफ लाइन रेझिस्टर. वायरच्या शेवटी, सेन्सरच्या आत एक छोटा रेझिस्टर बसवतात, समजा ४.७ किलोओहमचा. पॅनल सतत तेवढाच रेझिस्टन्स मोजत असतो. वायर कापली तर तो अनंत होतो, जोडली तर शून्य. दोन्ही वेळा पॅनलला समजतं की काहीतरी गडबड आहे.

पण काही फिटर वेळ वाचवायला हा रेझिस्टर सेन्सरऐवजी पॅनलच्या पेटीतच लावून टाकतात. सगळं चालतं, टेस्टिंगही होतं, पण बाहेरची वायर जोडली गेली तर पॅनलला काहीच कळत नाही. तुमच्याकडे फिटर आला की एवढंच विचारा, "रेझिस्टर कुठे लावला?" चेहऱ्यावरूनच उत्तर कळेल.

वायर्ड घ्यावं की वायरलेस?

नवीन घराचं काम चालू असेल, दुकानाचं फर्निचर व्हायचं असेल, तर वायर्ड घ्या. सेन्सरची बॅटरी बदलायची कटकट नाही आणि रेडिओचा गोंधळ नाही.

भाड्याच्या घरात किंवा तयार फ्लॅटमध्ये वायरलेस सोयीचं. पण इथे फरक ओळखा. स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झचे बरेच सेन्सर एकतर्फी असतात. सेन्सर फक्त बोलतो, पॅनल उत्तर देत नाही. सेन्सरची बॅटरी मेली किंवा कोणी काढून नेला तरी पॅनल शांत. शिवाय अशा काही रिमोटचा कोड कायम एकच असतो, तो हवेतून पकडून पुन्हा वाजवता येतो. चांगल्या यंत्रणेत रोलिंग कोड किंवा एन्क्रिप्शन असतं, सेन्सर आणि पॅनल दोन्हीकडून बोलतात आणि सेन्सर ठरावीक वेळाने "मी आहे" अशी हजेरी देतो. हजेरी चुकली की पॅनल कळवतो. घेताना सुपरव्हिजन आहे का, हे नक्की विचारा.

फोनपर्यंत निरोप कसा येतो? इथेच सगळे फसतात

*सिमकार्डवाला पॅनल:* यात सिम असतं आणि अलार्म वाजला की ते कॉल किंवा एसएमएस करतं. स्वस्तातले बरेच पॅनल फक्त २जीवर चालतात. जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे अशा पॅनलमध्ये जिओचं सिम चालणार नाही. आता नवीन घेत असाल तर ४जी पॅनलच घ्या.

आणि रिचार्ज! आपल्या फोनचा रिचार्ज संपला की दोन मिनिटांत कळतं, पॅनलमधल्या सिमचा संपला तर कोणालाच कळत नाही. कारण ते सिम रोज वापरतच नाही कोणी. मी आता मामांच्या पॅनलच्या सिमची तारीख माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये ठेवली आहे, सात दिवस आधी आठवण येते.

*वायफायवाला पॅनल:* लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की निरोप बंद. म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा. शक्य असेल तर वायफाय आणि सिम दोन्ही असलेला पॅनल घ्या, एक बंद पडलं तर दुसरं चालतं.

*तुमचा स्वतःचा फोन:* हे फार कमी लोक बघतात. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला पाठीमागे चालणारी ॲप झोपवतो. मग अलार्मचं नोटिफिकेशन सकाळी चहाच्या वेळी येतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये त्याला सूट द्या. कॉल करणाऱ्या पॅनलचा नंबर सेव्ह करून त्याला मोठी, वेगळी रिंगटोन लावा.

*पॅनलची बॅटरी:* लाइट नसतानाही यंत्रणा चालावी म्हणून पॅनलमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. पॅनल आणि सेन्सर मिळून २०० मिलिअँपिअर घेत असतील तर हिशोबाने ३५ तास मिळतात. पण ही कागदावरची गोष्ट. सायरन जास्त करंट खातो आणि तीन-चार वर्षांत बॅटरी म्हातारी होते. बसवल्याची तारीख बॅटरीवर मार्करने लिहून ठेवा.

खोटा अलार्म: खरा शत्रू

चोरीनंतर मी मामांच्या दुकानातला सेन्सर उघडला तेव्हा त्याच्या मागे पालीची दोन अंडी होती. पाल लेन्सवरून फिरली की सेन्सरला तो हत्ती वाटणार! चार वेळा सायरन वाजला तो यामुळे. शेजाऱ्यांना दोष कसा देणार? लांडगा आला रे आला झालं.

ही फक्त गावाकडची गोष्ट नाही. एप्रिल २०१५ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये चोरांनी सुमारे अर्धा मीटर जाडीची काँक्रीटची भिंत ड्रिल करून तिजोऱ्या लुटल्या. तिथेही अलार्म गेला होता. सुरक्षारक्षक आला, बाहेरून सगळं ठीक दिसलं म्हणून परत गेला. पोलिसांकडे निरोप पोचला, पण जाण्याची गरज नाही असा शेरा त्याला मिळाला. हिऱ्यांच्या बाजारातली यंत्रणाही तिसऱ्या पायरीवर घसरली.

खोटे अलार्म कमी करायला एवढं करा:

– पीआयआर सेन्सर एसी, पंखा, हलणारे पडदे, देवघरातला दिवा आणि थेट ऊन यांच्या समोर लावू नका.
– वायर आत जाते ते भोक सिलिकॉनने बंद करा. मुंग्या, कोळी, झुरळं तिथूनच जातात.
– महिन्यातून एकदा सेन्सर कोरड्या कापडाने पुसा.
– एकाच सेन्सरने वारंवार उगाच वाजवलं तर अलार्म बंद करून झोपू नका, कारण शोधा. बंद करून ठेवलेला अलार्म परत चालू करायचं हमखास राहून जातं.

कुठे काय बसवावं?

*फ्लॅट:* मुख्य दाराला मॅग्नेटिक सेन्सर, हॉलमध्ये एक पीआयआर, तळमजला असेल तर बाल्कनी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीलाही सेन्सर. पॅनल दारातून दिसणार नाही अशा जागी.

*दुकान:* शटर सेन्सर, आत ड्युअल सेन्सर आणि मागची बाजू! पत्रे, व्हेंटिलेटर, शौचालयाची खिडकी नक्की बघा. सायरन दोन लावा, एक बाहेर आणि एक आत. बाहेरचा उंचावर, झाकणाला टॅम्पर असलेला आणि स्वतःची बॅटरी असलेला, म्हणजे वायर कापली तरी तो वाजतच राहील.

*ऑफिस आणि मोठ्या इमारती:* इथे एका पॅनलला अनेक विभाग करता येतात, म्हणजे तिसरा मजला चालू आणि दुसरा बंद. कोणी, कधी कोड टाकला याची नोंद राहते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा कोड त्याच दिवशी काढून टाका. युरोपात यासाठी ईएन ५०१३१ नावाचं मानक आहे. त्यात ग्रेड १ ते ४ आहेत: ग्रेड १ अनाडी भुरट्या चोरासाठी, ग्रेड ४ पूर्ण तयारीने येणाऱ्या टोळीसाठी. सेन्सरच्या खोक्यावर "ग्रेड २" दिसलं तर त्याचा अर्थ हा. बँकांबद्दल सांगायचं तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या लॉकर नियमांनुसार स्ट्राँगरूममध्ये येण्या-जाण्याचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग किमान १८० दिवस ठेवावं लागतं.

जुना फोन वापरून अलार्म बनवता येतो का?

येतो, थोडाफार. फोनमध्ये कॅमेरा, माइक, हालचाल ओळखणारा ॲक्सेलरोमीटर, प्रकाशाचा सेन्सर सगळं असतं. २०१७ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांच्या सहभागातून आलेलं हेवन नावाचं अँड्रॉइड ॲप नेमकं हेच करत होतं. होस्टेलच्या खोलीसाठी असा जुगाड ठीक आहे. पण जुना फोन महिनोन् महिने चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी फुगू शकते. दुकान किंवा बंद घर त्याच्या भरवशावर सोडू नका.

अलार्मच हॅक झाला तर?

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. पद्धत अगदी साधी होती, कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. म्हणून पासवर्ड बदला, ॲपला टू स्टेप व्हेरिफिकेशन लावा, अपडेट करत राहा. आणि गावाला निघाल्याचे फोटो परत आल्यावर टाका. सगळ्यात स्वस्त सुरक्षा हीच आहे.

अलार्म वाजला तर काय करायचं?

– एकट्याने आत शिरू नका. माल परत घेता येतो, माणूस नाही.
– ११२ वर फोन करा. पत्ता आणि कोणता झोन वाजला ते सांगा.
– शेजारच्या दोन जणांना आधीच सांगून ठेवा आणि त्यांचे नंबर पॅनलमध्ये टाका.
– गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा असेल तर नोंदणी करा. तिच्या टोल फ्री नंबरवर फोन केला की तुमचा निरोप नोंदणी केलेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर कॉलने पोचतो. तिसरी पायरी सांभाळणारी याहून चांगली सोय मी पाहिली नाही.
– चोरी झालीच असेल तर कशालाही हात लावू नका, पोलिसांना येऊ द्या आणि एफआयआरची प्रत घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. घरफोडीच्या शिक्षेसाठी त्यात कलम ३३१ आहे आणि राहत्या घरातल्या चोरीसाठी कलम ३०५.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कॅमेरा घ्यावा की अलार्म?* पैसे एकाचेच असतील तर आधी मजबूत कुलूप आणि कडी, मग अलार्म, मग कॅमेरा.

*सायरन किती वेळ वाजावा?* तीन ते पाच मिनिटं पुरे. रात्रभर वाजला तर पुढच्या वेळी कोणी लक्ष देणार नाही.

*टेस्टिंग किती दिवसांनी?* महिन्यातून एकदा. प्रत्येक दार उघडून बघा, खोलीत चालून बघा, लाइटचा मेन स्विच बंद करून बघा आणि फोन खरंच येतो का ते बघा. शेजाऱ्यांना आधी सांगा.

शेवटी

मामांच्या दुकानात आता नवीन ४जी पॅनल आहे, मागच्या पत्र्यांखाली जाळी आहे आणि पॅनलमध्ये पाच नंबर आहेत. त्यातला एक समोरच्या चहावाल्याचा. तो पहाटे चारला दुकान उघडतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मामांना फोन करतो आणि ते मुद्दाम अलार्म वाजवतात. माझा फोन वाजला की मी म्हणतो, "आला." मग चहावाल्याचा आवाज मागून ऐकू येतो, "मला पण आला!"

तुमच्या घरी किंवा दुकानात अलार्म असेल तर हा लेख बंद करून आधी एकच गोष्ट करा. त्याच्या सिमचा रिचार्ज कधी संपतोय ते बघा.